दवाखान्यातली संमती आणि वेबसाइटवरचं ‘मान्य आहे’



या वेळी मी कुठल्या आजाराबद्दल लिहीत नाही. जिथे बसून मी तुम्हाला आजारांबद्दल सांगतो, त्या जागेबद्दल, म्हणजे वेबसाइटबद्दल लिहितोय. लेख थोडा रागाने लिहिला आहे. त्यातला बराचसा राग स्वतःवर आहे, हे आधीच सांगतो.

सुरुवात एका पेशंटपासून करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. या बाई शिक्षिका आहेत, बरीच वर्षं माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी त्यांना नैराश्यासाठी गोळ्या सुरू केल्या. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. गोळ्यांची सवय लागते का, किती महिने घ्यायच्या, मधेच सोडल्या तर काय होतं, असे त्यांचे बरेच प्रश्न होते. ओपीडीत गर्दी होती, म्हणून मी म्हटलं, “बाई, माझ्या वेबसाइटवर यावर लेख आहे. घरी निवांत वाचा आणि पुढच्या वेळी शंका घेऊन या.”

पुढच्या वेळी त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, रागावू नका, पण विचारते. तुम्ही कुणाला सांगितलं का?”

मी म्हटलं, “छे हो. असं का वाटलं तुम्हाला?”

“मोबाइलवर सारख्या त्याच जाहिराती येतात. मन उदास आहे का, समुपदेशन हवं आहे का. संध्याकाळी मुलगा अभ्यासाला माझाच फोन घेतो. परवा विचारत होता, आई, हे तुलाच का येतं?”

मी त्यांना ठामपणे सांगितलं की मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. खरंच सांगितलं नव्हतं. पण त्या गेल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. माझ्या वेबसाइटवर जाहिराती होत्या. मी काही बोललो नसलो, तरी माझी वेबसाइट काही बोलली का?

त्या जाहिराती माझ्या लेखामुळेच आल्या, हे मी सिद्ध करू शकत नाही. बाईंनी आणखी कुठे शोधलं असेल, एखादं ॲप उघडलं असेल. पण माझ्या लेखामुळे आल्या नाहीत, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. आपल्या दवाखान्यातून पेशंटची माहिती बाहेर जाते की नाही हे ज्या डॉक्टरला सांगता येत नाही, त्याने मान खाली घालायला हवी. मी घातली आणि हा विषय समजून घ्यायला बसलो.

कुकी म्हणजे काय?

तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा वेबसाइट तुमच्या फोनमध्ये एक छोटीशी चिठ्ठी ठेवू शकते. तिला कुकी म्हणतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक लांबलचक क्रमांक असतो. पुढच्या वेळी तुम्ही आलात की वेबसाइट चिठ्ठी वाचते आणि ‘हा तोच फोन’ हे ओळखते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने ही युक्ती काढली. मूळ हेतू साधा होता: वेबसाइटला मागचं आठवावं. तुम्ही बँकेच्या साइटवर लॉगिन करता आणि पुढच्या पानावर पुन्हा पासवर्ड मागितला जात नाही, ते कुकीमुळे. अशा कुकीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती तिसऱ्याच कुणाच्या कुकीबद्दल. माझ्या पानावर जाहिरातीची चौकट असते. ती चौकट माझी नसते, जाहिरात कंपनीची असते. पान उघडताच तुमचा फोन माझ्याशी बोलतो आणि त्याच वेळी त्या कंपनीशीही बोलतो. कंपनी आपली चिठ्ठी ठेवते. हीच कंपनी बातम्यांच्या, रेसिपीच्या आणि नोकरीच्या साइटवरही बसलेली असते. तुम्ही कुठेही गेलात तरी ती आपली चिठ्ठी ओळखते. तिला तुमचं नाव माहीत नसेल, पण या फोनच्या माणसाने आज काय काय वाचलं हे माहीत असतं.

पुढे लिलाव होतो. पान तुमच्यासमोर पूर्ण उघडायच्या आत, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात, ती चौकट विकायला काढली जाते. बोली लावणाऱ्यांना सांगितलं जातं: फोन अमुक प्रकारचा आहे, साधारण अमुक भागातला आहे, त्याचा क्रमांक हा आणि तो वाचतोय ते पान हे. बोली एकजण जिंकतो, पण ही माहिती हरणाऱ्यांपर्यंतही पोचलेली असते.

आता माझ्या लेखांच्या वेब पत्त्यांकडे बघा. त्यात आजाराचं नाव असतं. मूळव्याध, वंध्यत्व, क्षयरोग, दारूचं व्यसन, गुप्तरोग. पत्ता सांगितला म्हणजे आजार सांगितला. एकाच क्रमांकाच्या फोनवरून आधी ‘पाळी चुकण्याची कारणं’, मग ‘गर्भधारणेची चाचणी’ आणि दोन आठवड्यांनी ‘गर्भपातानंतरची काळजी’ ही पानं वाचली गेली, तर नाव कळायची गरज उरते का?

दवाखान्यातलं चित्र डोळ्यासमोर आणा. बाहेरच्या बाकावर एक माणूस वही घेऊन बसलाय. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून टिपतोय: लाल साडी, पन्नाशीची, साखरेसाठी. निळा शर्ट, तिशीचा, शीघ्रपतनासाठी. संध्याकाळी तो ती वही बाजारात नेऊन दाखवतो आणि त्याबद्दल मला महिन्याला चार पैसे देतो. असा माणूस दिसला तर आमचा कंपाउंडर त्याला गचांडी धरून बाहेर काढेल. वेबसाइटवर मात्र मी त्याला स्वतः खुर्ची दिली होती.

मी बॅनर बसवायला बसलो तेव्हा

माझे काही वाचक परदेशात आहेत. जर्मनीत, इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेली मराठी मुलं तिकडून वाचतात आणि आईवडिलांना लिंक पाठवतात. त्यामुळे जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीकडून मला ईमेल आला, की युरोपातल्या वाचकांची संमती घेणारा बॅनर लावा, नाहीतर तिकडे जाहिराती दिसणार नाहीत. माझी वेबसाइट सांभाळणारा एक तरुण आहे. आम्ही दोघं एका रविवारी बसलो. तोपर्यंत माझी समजूत होती की बॅनर लावला की प्रश्न मिटला. तीन तासांत ती समजूत गेली.

पहिली सेटिंग: बॅनर कोणाला दाखवायचा? आधीपासून निवडलेलं उत्तर होतं, युरोपीय देश, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड. मी म्हटलं, “अरे, सगळ्यांनाच दाखव की.”

तो म्हणाला, “सर, आपल्या इकडच्यांना दाखवायची गरज नाही.”

“का?”

“तिकडे दंड होतो, सर.”

त्या मुलाची यात काही चूक नाही. त्याने जगाची रीत सांगितली. पण त्या रीतीचा अर्थ काय होतो बघा. म्युनिकमध्ये बसलेल्या मुलाला विचारायचं, बारामतीत बसलेल्या त्याच्या आईला विचारायचं नाही. लेख तोच, आजारही तोच. मुलाचा आजार ही खासगी गोष्ट आणि आईचा आजार हा बाजारातला माल.

दुसरी सेटिंग: बटणं किती? दोन ठेवता येत होती: ‘मान्य आहे’ आणि ‘पर्याय बघा’. किंवा तीन ठेवता येत होती, तिसरं म्हणजे ‘मान्य नाही’. नकाराचं बटण ठेवायचं की नाही, हे वेबसाइटच्या मालकाच्या मर्जीवर! आणि शेजारीच किती टक्के लोकांनी संमती दिली याचा आलेख. आकडा वाढला की चांगलं. संमती मोजायची आणि वाढवायची गोष्ट झाली की ती संमती राहत नाही, ते विक्रीचं टार्गेट होतं.

तिसरी: माहिती कोणाकोणाला जाणार त्या ‘भागीदारां’ची यादी. मी वाचायला सुरुवात केली, दीडशेच्या पुढे सोडून दिलं. त्यातल्या एकाही कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ज्यांना मी ओळखत नाही, त्यांना माझ्या पेशंटचा कोणता आजार कळावा, यासाठी मी परवानगी मागणार होतो.

चौथी: भाषा. यादीत बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. माझा अख्खा लेख मराठीत आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र इंग्रजीत.

पाचवी गोष्ट सेटिंगमध्ये नव्हती, ती त्या मुलाने सहज तपासून दाखवली. बॅनर लावला, पण कुठलंही बटण दाबायच्या आधीच जाहिरात कंपनीचा कोड चालू झालेला होता. वेबसाइटवर तो दोन ठिकाणी टाकलेला होता आणि एका ठिकाणी बॅनरशी जोडायचा राहिला होता. म्हणजे प्रश्न विचारतोय तोवर काम होऊन गेलेलं. बॅनर दिसतो म्हणजे नियम पाळला, असं समजणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, लॅबवाल्याने आणि हॉस्पिटलने आपली साइट एकदा अशी तपासून घ्यावी. बहुतेकांनी ती तपासलेलीच नसते, कारण बॅनर दिसला की आपल्याला बरं वाटतं.

आमच्याकडे संमती म्हणजे काय असतं

कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही कशाला यात पडता? मी यात पडतो, कारण ‘संमती’ हा शब्द आमच्या रोजच्या कामातला आहे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हे फार स्पष्ट करून ठेवलं आहे. एक महिला पाळीच्या अतिरिक्त रक्तस्रावासाठी दिल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायला तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने म्हटलं, ही संमती चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे आणि जीवावर बेतलेलं नाही, तर तिलाच विचारायला हवं होतं. डॉक्टरांचा हेतू चांगला असला तरी हाच नियम.

यातून आम्ही काय शिकतो? पहिलं, आधी माहिती द्यायची, पेशंटला कळेल अशा भाषेत. दुसरं, संमती त्या ठरावीक गोष्टीपुरतीच. तिसरं, दबाव नको. चौथं, ‘नाही’ म्हणणाऱ्या पेशंटला आपण दवाखान्यातून हाकलत नाही. पाचवं, दिलेली संमती कधीही मागे घेता येते, अगदी ऑपरेशन टेबलवर चढल्यावरसुद्धा.

आता बॅनर या मापाने मोजा. माहिती? अगम्य भाषेत. ठरावीक गोष्टीपुरती? एका बटणात शेकडो कंपन्या. दबाव नाही? ‘मान्य आहे’ मोठं, रंगीत आणि अंगठ्याखाली, नकार दोन पानं आत, फिक्या अक्षरांत. आणि छातीत दुखतंय म्हणून रात्री अकराला लक्षणं शोधणारा माणूस तो बॅनर बाजूला सारण्यासाठी जे दिसेल ते दाबणारच. त्या दाबण्याला संमती म्हणायचं? मागे घेता येते? पानाच्या तळाशी कुठेतरी बारीक अक्षरात लिंक असली तर असते.

इथे आमच्या व्यवसायालाही आरसा दाखवला पाहिजे. किती हॉस्पिटलांत भरती होतानाच कोऱ्या छापील फॉर्मवर सह्या घेतल्या जातात! “इथे सही करा, इथे आणि इथे.” नातेवाईक घाबरलेले असतात, सही करतात. तो कागद पेशंटला समजावण्यासाठी नसतो, पुढे कोर्टात दाखवण्यासाठी असतो. वेबसाइटच्या बॅनरने आमची हीच वाईट सवय उचलली आहे. संमती घेण्यापेक्षा घेतल्याचा पुरावा तयार करणं महत्त्वाचं झालं आहे.

कायदा काय म्हणतो

युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा कायदा लागू आहे. आरोग्याची माहिती तिथे खास संरक्षणाची मानली जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. २०२१ च्या अखेरीस फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. कारण ऐकण्यासारखं आहे: कुकी स्वीकारायला एक क्लिक पुरतं, नाकारायला अनेक क्लिक लागतात. म्हणजे मी वर ज्या बटणांबद्दल चिडलोय, ती बटणं तिथे कोट्यवधींना पडली.

आरोग्याच्या साइटवर हे खरंच घडतं का? प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने २०१९ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमधली नैराश्याविषयीची १३६ पानं तपासली. जवळपास तीन चतुर्थांश पानांवर जाहिरातीसाठी माग काढणारा बाहेरचा कोड सापडला. अमेरिकेत २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्सवर आणि ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पवर कारवाई केली. आरोप असा, की गुप्ततेचा शब्द देऊनही या कंपन्यांनी ग्राहकांच्या आरोग्याची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली. पहिल्या कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं, दुसरीने ग्राहकांना ७८ लाख डॉलर परत द्यायचं. समुपदेशनासाठी भरलेल्या प्रश्नावलीतली माहिती! माझ्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न मला पुन्हा आठवला.

आणि आपल्याकडे? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यातली संमतीची व्याख्या खरोखर चांगली आहे: मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध आणि स्पष्ट कृतीतून दिलेली. ती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. ही सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये.

पण दोन गोष्टी खटकतात. एक, कायद्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातही मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत दिली. दुसरी जास्त गंभीर. २०११ च्या नियमांत शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. नव्या कायद्यात असा वर्गच नाही. तुम्ही कोणत्या मापाचे बूट घेता आणि तुम्हाला एचआयव्ही आहे का, या दोन गोष्टी कायद्याच्या एकाच खणात. डॉक्टर म्हणून मला हे मान्य नाही. संघटनांच्या परिषदांत आम्ही फीवर आणि हल्ल्यांवर ठराव करतो, याच्यावरही एखादा करावा.

नेहमीचे युक्तिवाद

*“फुकट वाचता, मग एवढं तरी द्या.”* वेबसाइट चालवायला पैसे लागतात, हे खरं आहे. मलाही लागतात. पण मोफत शिबिरात आलेल्या पेशंटची केसपेपरं विकून आपण मंडपाचा खर्च काढतो का? शिवाय पेशंटचा माग न काढताही जाहिरात दाखवता येते. वर्तमानपत्रं दीडशे वर्षं तेच करत आली. फक्त आरोग्याच्या पानावर त्यातही धोका आहे, तो मी अनुभवला. मधुमेहाच्या लेखात मी लिहिलं होतं, गोळ्या मनाने बंद करू नका. त्याच्या बरोबर खाली जाहिरात, साखर मुळापासून बरी करा, गोळ्या फेकून द्या! मधुमेह बरा करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. ती जाहिरात कोणी निवडली? मी नाही. लिलावाने निवडली. पण पेशंटच्या लेखी ती माझ्या पानावर होती, म्हणजे माझ्या संमतीने होती.

*“लपवण्यासारखं आहे काय?”* हे विचारणाऱ्याला मी इतकंच म्हणतो, तुमचा केसपेपर दवाखान्याच्या दारावर चिकटवू का? लपवण्यासारखं असायला गुन्हा लागत नाही. लग्न ठरत असलेल्या मुलीला फिट येतात, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्याला क्षयरोगाची औषधं चालू आहेत, सासरी राहणाऱ्या सुनेवर वंध्यत्वाचे उपचार चालू आहेत. आपल्याकडे फोन एकट्याचा नसतो. तो मुलाच्या, नवऱ्याच्या, सासूच्या हातात जातो. जाहिरात नाव सांगत नाही, पण ती घरात येऊन बोलते.

*“बॅनर कोणी वाचतच नाही, मग एवढा घोळ कशाला?”* वाचत नाहीत, कारण वाचवेल असा तो केलेलाच नाही. “या पानावरचा तुमचा वावर आम्ही जाहिरात कंपन्यांना कळवू का? हो / नको.” एवढं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा, दोन्ही बटणं सारखी ठेवा आणि मग बघा लोक वाचतात की नाही. लोक काय निवडतील हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर कोणी तसं लिहीत नाही.

मग मी काय केलं

आधी मी बॅनर नीट करायचा प्रयत्न केला. तीन बटणं सारख्या आकाराची, मजकूर मराठीत, भारतातल्या वाचकांनाही तोच प्रश्न आणि ‘हो’ म्हणेपर्यंत जाहिरातीचा कोड बंद. हे करता येतं, अवघड नाही. ज्यांना जाहिराती ठेवायच्याच आहेत, त्यांनी निदान एवढं करावं.

पण मराठी मजकूर लिहायला बसलो आणि अडलो. मला लिहायचं होतं, “तुम्ही नैराश्याविषयी वाचत आहात ही माहिती मी या कंपन्यांना देऊ का?” हे वाक्य माझ्या हातून लिहवेना. समोर बसलेल्या पेशंटला मी हा प्रश्न कधीच विचारणार नाही, त्याने ‘हो’ म्हटलं तरी. काही गोष्टींसाठी संमती मागणंच चूक असतं. पेशंटचा आजार जाहिरातदाराला सांगण्याची परवानगी मागणं ही त्यातली एक. म्हणून मी या वेबसाइटवरच्या जाहिराती काढून टाकल्या आणि कोणी किती वाचलं हे मोजणारा बाहेरचा कोडही काढला. जाहिरातींतून वेबसाइटचा खर्च निघत होता, तो आता मी खिशातून देतो. फार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आजाराविषयीच्या पानावर वाचकाचा माग काढणारी जाहिरात असूच नये. बॅनर लावूनही नाही. दवाखाने, लॅब, औषधांची ऑनलाइन दुकानं आणि आम्ही लिहिणारे डॉक्टर, सगळ्यांना हे लागू आहे. तपासणीचा रिपोर्ट बघायला पेशंट लॅबच्या साइटवर जातो, तेव्हा तिथे जाहिरात कंपनीला काय काम? मोठ्यांनी कायद्याची वाट बघावी, पण आपली एका डॉक्टरची साइट असेल तर एका संध्याकाळचं काम आहे.

तुम्ही काय करू शकता

• बॅनर आला तर ‘नको’, ‘नाकारा’ किंवा ‘रिजेक्ट ऑल’ शोधा. सापडत नसेल तर ‘पर्याय बघा’मध्ये जा. तिथे काही खुंट्या आधीच चालू असतात, त्या बंद करा.

• सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये बाहेरच्या कुकींना आपोआप आळा घातलेला असतो. क्रोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘थर्ड-पार्टी कुकीज’ बंद करा.

• अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींच्या भागात ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ काढून टाकता येतो. आयफोनमध्ये ॲपना माग काढण्याची परवानगी मागूच न देण्याची सोय आहे.

• फोन घरात सगळे वापरत असतील तर आजाराविषयी प्रायव्हेट विंडोत वाचा. ती बंद केली की त्यातल्या कुकी पुसल्या जातात. मात्र तुम्ही अदृश्य होता असं समजू नका. तिथे तुमच्या खात्यात लॉगिन केलंत, तर ओळख पटतेच.

• आणि सर्वांत महत्त्वाचं: विचारा. तुमच्या डॉक्टरांना, लॅबला, हॉस्पिटलला विचारा, “तुमच्या साइटवर जाहिरात कंपन्यांचा कोड आहे का?” फी विचारता तसं विचारा. दहा पेशंटनी विचारलं की अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

• या भीतीने आजाराविषयी वाचणं, आणि औषधं तर मुळीच, बंद करू नका. हे झालं तर त्या वहीवाल्याने तुमचं दुहेरी नुकसान केलं असं होईल.

शिक्षिकाबाई नंतर आल्या तेव्हा मी त्यांना वरचं सगळं सांगितलं, माझ्या वेबसाइटवर जाहिराती होत्या हेही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. मला वाटलं होतं, तुमच्या कंपाउंडरने सांगितलं असेल.” तो बिचारा पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे, एक शब्द बाहेर गेला नाही त्याच्याकडून. मी बाहेर जाऊन त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

त्यांची तब्येत आता चांगली आहे. गोळ्या चालू आहेत आणि मुलाला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. ते मात्र त्यांनी त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या वेळेला सांगितलं.